सरांची पायरी

जमीन जरा आधीच आली. डोळ्यांच्या दवाखान्याचा जिना तो उतरत होता, एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात बायकोच्या नव्या चष्म्याचा कागद. शेवटच्या पायरीवरून त्याने पाय खाली टाकला, आणि जी फरशी अजून तीन बोटे खाली असायला हवी होती ती टाचेखाली येऊन उभी राहिली. तो पडला नाही. टाचेतून निघालेला दणका गुडघा, कंबर, पाठ असा चढत जबड्यापर्यंत गेला आणि दातांवर दात आपटले, इतकेच. मागून बायको "अहो, जपून," म्हणाली आणि पुढच्याच क्षणी तीही तशीच आदळली. "मेली पायरी," ती म्हणाली.

तो वळला आणि तिथेच उकिडवा बसला. खिशातून टेप काढली. टेप त्याच्या खिशात कायम असे. लग्नाच्या दिवशीही होती, हे बायको अजून लोकांना सांगते. त्याने पायरीला टेप लावण्याआधीच त्याला आकडा माहीत होता, आणि तरी तो लावून बघितल्याशिवाय उठणार नव्हता. खालची पायरी पंचाण्णव मिलिमीटर. तिच्या वरची दीडशे. तिच्याही वरची दीडशे. तो पुन्हा खालच्या पायरीकडे आला. पंचाण्णव.

"उठा हो, लोक बघतायत," बायको म्हणाली.

"लागलं का काका?" समोरच्या काउंटरवरच्या बाईने विचारले. तिचा आवाज सवयीचा होता, दिवसातून दहा वेळा हेच विचारणाऱ्या माणसाचा. "सगळ्यांचंच होतं तसं. आम्ही लाल पट्टी चिकटवली होती तिथं, तर आर्किटेक्ट आले आणि सोलून गेले. म्हणाले, पायरी मुद्दाम ठेवलीय. जिना संपला हे पायाला कळावं म्हणून."

"डोळ्यांच्या दवाखान्यात?" बायकोने विचारले.

"हो ना. डोळ्यांत औषध घातलं की काही दिसत नाही, मग पायालाच कळलेलं बरं, असं म्हणाले. मागच्या महिन्यात एका आजींचा घोटा मोडला. पण त्या तशा घाईतच होत्या म्हणा."

या आर्किटेक्टला तो ओळखत नव्हता. भिंतीवरच्या पाटीवर नाव होते, ते त्याने कधी ऐकलेले नव्हते. वयाने तिशीतला असावा. त्या पोराने ही पायरी कुठे पाहिली असेल? ग्रंथालयाच्या इमारतीत, किंवा वर्गात, किंवा मासिकातल्या फोटोत. फोटोच जास्त संभवतो. त्याच्या अंगावर हलका काटा आला, घरातले एखादे भांडे परक्या माणसाच्या ओट्यावर दिसावे तसा. ती पायरी त्याची होती. चौतीस वर्षांपूर्वी, सव्वीस वर्षांचा असताना, त्याने ती त्या ग्रंथालयाच्या नकाशात चुकून काढली होती.

चूक साधी होती, त्याच्या धंद्यात जो तो एकदा करतो ती. जिना काढताना पायऱ्यांची उंची कच्च्या स्लॅबपासून मोजत नाहीत. वर जी लादी बसणार तिची जाडी आधी धरावी लागते. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर आणि वरच्या मजल्यावर वीस मिलिमीटरची पातळ लादी होती. खालच्या दालनात मात्र जाड दगड आणि त्याखाली सिमेंट-वाळूच्या मसाल्याचा थर, सगळे मिळून पंचाहत्तर. त्याने सगळीकडे वीस धरले. कागदावर प्रत्येक पायरी दीडशे होती, देखणी, एकसारखी. जिना ओतून झाला, पायऱ्यांवर लादी बसली, आणि शेवटी खाली दगड बसवला तेव्हा तो पंचावन्न मिलिमीटरने वर आला आणि पहिल्या पायरीचा तेवढा भाग गिळून बसला. गवंडी सकाळी त्याला म्हणाला होता, "साहेब, खालची पायरी बुटकी आली बघा." त्याला 'साहेब' म्हणणारा जगात तो एकच माणूस होता, आणि त्याच्या तोंडून हे ऐकताना त्याच्या जिभेला चुन्याची चव आली होती. जिना फोडायचा तर चार महिने. नोकरी जायची तर तासाभरात. सर, म्हणजे ज्यांच्या ऑफिसात तो नकाशे काढायचा ते नामांकित वास्तुकार, दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाच्या विश्वस्तांना घेऊन जागेवर येणार होते.

ते आले. अध्यक्ष पुढे होते, पोटावर हात बांधून चालणारे गृहस्थ. त्यांनी जिन्यावर पाय टाकला, पायरी जिथे असायला हवी तिथे नव्हती, पाऊल हवेतून खाली धप्पकन आले आणि ते झोकांडी खाऊन थांबले. तो खांबाआड उभा होता, नकाशाची गुंडाळी मांडीला दाबून धरून. सरांनी पायरीकडे पाहिले. एकदाच, तेही खाली मान न घालता. मग चष्मा काढून ते अध्यक्षांना म्हणाले, "तुम्ही थांबलात. बरोबर? मला हेच हवं होतं. ग्रंथालयात माणसाने रस्त्याच्या वेगाने शिरू नये." अध्यक्षांनी पुन्हा पायरीकडे बघितले, या वेळी कौतुकाने. "वा," ते म्हणाले. संध्याकाळी ऑफिसात सर त्याच्या टेबलापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "उद्यापासून माझ्या शेजारच्या टेबलावर बस." त्यानंतर या विषयावर दोघांत एक शब्द झाला नाही.

टॅक्सीत बायको चष्म्याच्या फ्रेमबद्दल बोलत होती. तो खिडकीतून बाहेर बघत होता. एक इमारत गेली, दुसरी गेली. प्रत्येकीत कुठे ना कुठे जिना होता. "ती पायरी माझी आहे," तो एकदम म्हणाला.

"कुठली?"

"सरांची. ग्रंथालयातली. दवाखान्याच्या त्या आर्किटेक्ट पोराने तीच उचललीय."

"म्हणजे तुम्ही सुचवली होती?"

"सुचवली नव्हती. चुकली होती. माझ्या हातून."

बायकोने चष्म्याचा कागद पर्समध्ये ठेवला, पर्सची चेन लावली आणि मग त्याच्याकडे पाहिले. "आणि हे तुम्ही मला आज सांगताय? ग्रंथालयाच्या उद्घाटनाला मी नवी साडी नेसून आले होते. सरांनी भाषणात त्या पायरीवर दहा मिनिटं घेतली. मी टाळ्या वाजवल्या."

"मीही वाजवल्या."

"निदान मैत्रिणींना तरी सांगितलं असतं मी."

"काय सांगितलं असतंस? चूक होती ती."

"असू दे चूक. तुमची होती ना." ती खिडकीकडे वळली. थोड्या वेळाने म्हणाली, "सर शिंकले तर रुमाल तुम्ही काढता. मला वाटायचं, स्वभाव आहे. हे असं आहे होय."

हे असेच होते. ऑफिसात त्याला 'मिलिमीटर' म्हणत, कारण त्या प्रसंगानंतर त्याच्या हातून एकही चूक झाली नाही. नकाशाची प्रत्येक शीट तो तीनदा तपासे. लादीची जाडी, मसाल्याचा थर, कारागिराच्या हाताचा कमीजास्तपणा, सगळे धरून. नवी मुले हसत. त्याच्या टेबलापाशी येऊन कोणी म्हणे, "मिलिमीटर, चहात साखर किती टाकू, दशांशात सांगा." तो चिडत नसे. ज्याला एकदा जीवदान मिळाले आहे त्याने चिडायचे नसते, असे त्याने केव्हातरी ठरवून टाकले होते. लांब्या नावाचा एक सहकारी होता, दरवाजातून वाकून यावे लागे इतका उंच. त्याने स्वतःचे ऑफिस काढले आणि दोनदा त्याला बोलावले. "चल की. दोन टेबलं टाकू, एकावर तू, एकावर मी. पाटीवर दोघांची नावं." पहिल्या वेळी तो म्हणाला, सरांचे न्यायालयाच्या इमारतीचे काम संपू दे. दुसऱ्या वेळी त्याने नुसताच चहा मागवला. लांब्या वैतागून म्हणाला होता, "तुला काय सरांनी विकत घेतलंय का रे?" त्यावर तो हसला होता. विकत घेतलेल्या माणसाला सुटायची काहीतरी रीत असते. माफ करून सोडलेल्या माणसाला सुटता येत नाही. दरम्यान सरांनी पुढच्या सात इमारतींत ती बुटकी पायरी घातली, आणि सातही वेळा ती त्यानेच काढली, आता जाणूनबुजून, हिशोब करून, दीडशेतून पंचावन्न वजा करत. विद्यार्थी तिच्याजवळ बसून फोटो काढू लागले. तिला नाव पडले, 'सरांची पायरी'.

सर आता चौऱ्याऐंशीचे होते आणि त्यांची मुलगी त्यांच्या कारकिर्दीवर मोठे पुस्तक करत होती. पुस्तकाच्या शेवटी यायचा जीवनपट त्याच्याकडे होता: जन्मापासून आजपर्यंत, तारखेनिशी. आठ महिने तो ते करत होता. सरांच्या जुन्या डायऱ्या, तिकिटे, पत्रांवरचे शिक्के, साइटची रजिस्टरे. साडेतीनशे नोंदी झाल्या होत्या. असा जीवनपट कसा लिहितात हे बघायला त्याने थोर वास्तुकारांची जाडजूड चरित्रे आणून वाचली होती. ती वाचताना त्याला गंमत वाटे. सगळ्यांची आयुष्ये एकाच आराखड्यावर बेतल्यासारखी: गरीब किंवा कडक बाप, एक गुरू, एक लांबचा प्रवास, मग पहिली इमारत, मग वाद, मग सन्मान, आणि शेवटच्या पानावर शांत डोळ्यांचा म्हातारा. गळलेले छप्पर असे ते 'धाडस' या प्रकरणात. खचलेला पाया 'मतभेद' या प्रकरणात. कुठल्याही जीवनपटात 'आज चुकलो' अशी नोंद नव्हती. आणि कागद काढणाऱ्यांची नावे मागे बारीक अक्षरांत, आडनावांच्या क्रमाने, एका परिच्छेदात कोंबलेली. जगभरचे लोक ज्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात तो कललेला मनोरा नेमका कोणी बांधला, याची तर खात्रीच नाही. चूक अमर झाली आणि माणूस राहून गेला. हे वाचले त्या दिवशी त्याने पुस्तक मिटून बराच वेळ मांडीवर ठेवले होते.

सोमवारी तो नेहमीप्रमाणे नव्या नोंदी दाखवायला सरांच्या घरी गेला. सर खिडकीपाशी खुर्चीत होते, पायांवर शाल. हात सुकून गेले होते, पण बोटे अजून पेन्सिल धरल्यासारखी वळलेली.

"ये मिलिमीटर. कुठवर आणलंस मला?"

"साठीपर्यंत आणलंय, सर. सन्मान सुरू झालेत."

"म्हणजे आता वाचायला कंटाळा येणार." सर हसले, मग खोकले. खोकला थांबेपर्यंत तो पाण्याचा पेला धरून उभा राहिला. पाणी पिऊन सर म्हणाले, "मुलीला ग्रंथालयाच्या जिन्याची मूळ शीट हवीय. दोन पानांवर छापते म्हणते. पायरीवर कोणा प्राध्यापकाचा लेखही आहे."

"शोधावी लागेल, सर."

"शोधू नकोस."

खाली रस्त्यावर कोणीतरी मोटार सुरू करत होते आणि ती सुरू होत नव्हती. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच ही गोष्ट खोलीत आली होती आणि ती अशी आली होती, दोन शब्दांत.

"नवीन काढ," सर म्हणाले. "जुना कोरा ट्रेसिंग पेपर आहे ना आपल्याकडे? त्याच्यावर. तुझा हात तोच आहे. पायरी जशी आहे तशी दाखव. पंचाण्णव."

"आणि तारीख?"

"जी होती ती."

त्याने दवाखान्यातल्या आजींच्या घोट्याचे सांगितले. सर ऐकत राहिले. "आपल्या ग्रंथालयात कोणी पडलंय कधी?" त्यांनी विचारले.

"पडलेत, सर. नोंद कोणी ठेवली नाही."

"मग तू कशाला ठेवतोस?" सर म्हणाले, आवाजात राग नव्हता, कुतूहलच होते. मग त्यांनी डोळे मिटले, आणि भेट संपली हे त्याला कळले.

शीट शोधावी लागणार नव्हतीच. ऑफिसातल्या नकाशांच्या रुंद कपाटाच्या अगदी तळच्या कप्प्यात, रद्द झालेल्या एका बाजारपेठेच्या नकाशांखाली, ती पालथी ठेवलेली होती, आणि इतक्या वर्षांत त्याने तिला हात लावला नव्हता. मंगळवारी दुपारी मुले जेवायला बाहेर गेली तेव्हा त्याने ती काढली. कागद पिवळा पडला होता, कडा कुरकुरीत. रेघा मात्र तशाच काळ्या होत्या. चांगला काढला होता जिना. पोरसवदा हात, पण चांगला. त्याला त्या सव्वीस वर्षांच्या मुलाबद्दल काहीतरी वाटले, ज्याला नाव देता येईना. मग त्याची नजर उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीवर गेली. प्रत्येक शीटला ती असते: कामाचे नाव, माप, आणि खाली दोन घरे. 'काढले' या घरात त्याची आद्याक्षरे. 'तपासले' या घरात सरांची सही.

ती सही तिथे आहे हे त्याला माहीत होते. माहीत असणे आणि दिसणे यांत इतकी वर्षे गेली होती. इमारतीमागून इमारत ती चूक आपल्या एकट्याची म्हणून तो वागवत आला, आणि ती तर तपासून, सही होऊन गेली होती. म्हणजे सरांनी खांबाआडच्या पोराला वाचवले, की चौकटीतल्या सहीला? त्याने भिंग आणले. सहीची शाई निळसर होती. सहीखालची तारीख काळ्या शाईत होती आणि आकडे त्याच्या स्वतःच्या वळणाचे होते. अकरा तारीख. आणि ही अकरा तारीख त्याला ओळखीची वाटली, तिच्यावरून तो नुकताच गेला होता. टेबलावर जीवनपटाची फाइल होती. त्याला उघडायची गरज नव्हती, तरी त्याने उघडली, कारण तो बघितल्याशिवाय उठणाऱ्यांतला नव्हता. त्या महिन्याची नोंद त्याच्याच अक्षरात होती: 'दोन ते तेवीस, परदेशात, स्पर्धेचे परीक्षक म्हणून.' विमानाचे तिकीटही त्यानेच पाहून खात्री केली होती.

मग सगळे आठवले, एखाद्या खोलीतला दिवा लावल्यावर खुर्ची, टेबल, दार एकदम दिसावे तसे. निघायच्या आदल्या दुपारी सर घाईत होते. कोऱ्या शीटांचा गठ्ठा त्याच्यासमोर टाकून त्यांनी एकामागून एक वीस-पंचवीस सह्या ठोकल्या, 'तपासले', 'तपासले', 'तपासले', अजून ज्यांच्यावर एकही रेघ नव्हती अशा कागदांवर. "काम अडायला नको," ते म्हणाले होते. आणि सव्वीस वर्षांच्या त्याला तेव्हा भीती नाही, अभिमान वाटला होता. सरांचा आपल्यावर एवढा विश्वास! पुढचे तीन आठवडे तो त्या सह्यांच्या वर नकाशे काढत राहिला, आणि त्याला कोणी विचारले नाही की अरे, खालची फरशी किती जाड आहे. एक माणूस शेजारी असता, नुसता वाकून बघणारा, तर त्याने विचारले असते. तो तपासलेल्या कागदांनी भरलेल्या ऑफिसात एकटा होता.

त्याला वाटले होते की हे कळल्यावर राग येईल. राग आला नाही. पायाखालचे काहीतरी पंचावन्न मिलिमीटर सरकले, एवढेच. चौतीस वर्षे तो ज्या उपकारांची परतफेड करत आला ते झालेच नव्हते. आणि आता कोणाकडे जाऊन काय मागायचे? लांब्याकडची पाटी? ती कधीच दुसऱ्या नावाने भरली होती. चूक आपली म्हणून सांगावी तर ती आता प्रतिभा होती. प्रतिभा आपली म्हणून सांगावी तर ती चूक होती. आणि खरे सांगायचे तर कोऱ्या कागदांवरच्या सह्या दाखवायला लागणार, एका चौऱ्याऐंशीच्या माणसाच्या, ज्याला पेला धरून पाणी पाजावे लागते. त्याने शीट पुन्हा पालथी करून ठेवली. मुले जेवून आली. "मिलिमीटर, चेहरा का असा? लादी तुटली का कुठे?" एकाने विचारले. तो म्हणाला, "जुनी आहे. तडा गेलाय."

बुधवारी त्याने जुना ट्रेसिंग पेपर लावला आणि नवी जुनी शीट काढायला घेतली. हात लगेच वळला, तेच वजन, अक्षरांची तीच ठेवण. चूक मुद्दाम काढणे मात्र फार अवघड निघाले. ती हेतू म्हणून दिसायची तर ती काढणाऱ्याला खालच्या फरशीची जाडी आधी ठाऊक हवी. त्याने दगड दाखवला, थर दाखवला, पंचाहत्तर लिहिले, पायरीपाशी पंचाण्णव लिहिले. सव्विसाव्या वर्षी जे सुटले ते सारे त्याने साठाव्या वर्षी भरले. संध्याकाळपर्यंत शीट झाली, निर्दोष. अशी शीट त्या मुलाला काढता आली असती तर ही पायरीच झाली नसती. फक्त कोपऱ्यातली दोन घरे उरली. 'काढले' या घरावर पेन नेले आणि त्याला कळेना की कोणाची अक्षरे लिहायची. दवाखान्याच्या पोराने एक पट्टी सोलून काढली होती. पुस्तक निघाले की दोन पानांवरचा हा कागद बघून आणखी किती जण अशा पट्ट्या सोलतील? त्याने पेनाला टोपण लावले. एकदा, फक्त एकदा, कोणासमोर तरी सांगायचे की हे चुकले होते आणि माझ्या हातून चुकले होते. आणि समोरच्याने म्हणायचे, बरं. यापलीकडे त्याला काही नको होते.

गुरुवारी सकाळी सरांची मुलगी आली, हातात पुस्तकाची कच्ची पाने, केसांत खोचलेली पेन्सिल. ती या ऑफिसात फ्रॉकमध्ये खेळलेली होती. "काका, शीट मिळाली ना? नाही म्हणू नका, पान अडलंय."

त्याने तळचा कप्पा उघडला आणि खरी शीट तिच्यासमोर टेबलावर सरळ केली. चारी कोपऱ्यांवर वजने ठेवली.

ती वाकून बघत राहिली. बोट पायरीवरून पायरीवर नेत आकडे वाचले. खालच्या पायरीवर येऊन बोट थांबले. "दीडशे? काका, इथे तर सगळ्या सारख्या आहेत."

"हो. सारख्याच काढल्या होत्या. खाली पंचाहत्तरची फरशी येणार होती, मी वीस धरली. म्हणून पायरी बुटकी झाली. ती कोणी ठरवली नव्हती." त्याचा आवाज त्यालाच परका वाटला, साइटवर मापे वाचून दाखवतात तसा. "माझी चूक होती. हे तसंच छापायला हवं. लोक पडतात."

ती सरळ उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य यायला हवे होते. तिथे माया आली. "बाबा म्हणालेच होते."

"काय म्हणाले?"

"की काका असं सांगतील. कालच म्हणाले, 'मिलिमीटरला अजून वाटतं ती त्याची चूक होती. तपासताना मला दिसली होती, मी मुद्दाम राहू दिली. त्याला कधी बोललो नाही, पोर आणखी घाबरलं असतं.'" तिने त्याच्या दंडावर हात ठेवला. "काका, किती वर्षं हे मनात घेऊन बसलात हो? चूक बघायची आणि तिच्यात पायरी बघायची, हे तर त्याहून भारी आहे. आता हीच शीट छापते. प्राध्यापकांना लेख बदलायला लावते."

"ती दिसली नव्हती," तो म्हणाला. "सर त्या वेळी..." पुढचे वाक्य तयार होते. दोन ते तेवीस. सही निळी, तारीख काळी. तिच्या हातातल्या कच्च्या पानांतच, शेवटून चौथ्या पानावर, ते छापलेले होते. तिने फक्त उलटून बघायचे होते.

"थांबा, त्यांनाच सांगू या. खूश होतील." तिने फोन लावलाही होता. "बाबा, शीट मिळाली. मूळची! हो. हो, सांगितलं मी काकांना. देते." तिने फोन त्याच्या हातात दिला आणि पुन्हा शीटवर वाकली.

पलीकडे आधी नुसता श्वास होता, खरखरीत, मोजून घेतल्यासारखा.

"मूळची दिलीस," सर म्हणाले.

"हो, सर."

"मला वाटलं होतं, फाडली असशील."

"नाही, सर."

मग सर म्हणाले, "त्या महिन्यात मी कुठे होतो रे? मला आठवत नाही नीट. तुझ्याकडे असेल लिहिलेलं."

त्याला कळेना की हा प्रश्न खरा आहे की नाही. चौऱ्याऐंशीव्या वर्षी माणसाला खरेच आठवत नसेल. किंवा नेमके तेवढेच आठवत असेल. मुलगी कोपऱ्यातली चौकट न्याहाळत होती. वडिलांच्या सहीवर तिने कागदाला स्पर्श न करता बोट धरले होते. त्याच्या मनात ते ऑफिस आले, तपासलेल्या कोऱ्या शीटांचा गठ्ठा, आणि बोर्डावर वाकलेला तो मुलगा, ज्याच्या मागे कोणी उभे नव्हते. कोणी असते तर बरे झाले असते. कोणीतरी वाकून बघितले असते, ओठ दाबून हसले असते आणि काही न बोलता निघून गेले असते. तसे झाले असते तर हे सगळे आयुष्य निराळे होते; तेच आयुष्य, पण निराळे.

"इथेच होतात, सर," तो म्हणाला.

"हं," सर म्हणाले. आणि फोन ठेवला.

त्याने मुलीकडून कच्ची पाने मागून घेतली, "एक तारीख चुकलीय," म्हणाला. शेवटून चौथे पान काढले. दोन ते तेवीसच्या नोंदीखाली पट्टी धरली, आणि तिच्यावरून एक सरळ रेघ मारली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग समासात, नेहमीच्या बारीक अक्षरात, आपली सही केली.